माळवद उतरताना

घर उतरवायला घेतलं की आधी माळवदावरची, म्हणजे सपाट छतावरची, माती खाली येते. मग किलचणं, मग सर, मग तुळया, शेवटी खांब. भिंतींना कुणी हात लावत नाही. दोन-चार पावसाळ्यांत त्या आपोआप बसतात. लाकूड ट्रॅक्टरवर चढतं आणि माती जागेवर राहते. बीड, लातूर, धाराशिव, परभणी, सोलापूरकडचं माळवद काय आणि जळगाव-धुळ्याकडचं धाबं काय, दोन्हींचा शेवट असाच होतो. त्या घरात जे जे असतं त्यातलं आठवेल तसं इथे नोंदवतो आहे.

पांढरी माती

शेतातल्या काळ्या मातीची भिंत होत नाही. ती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते आणि बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. भिंतीला लागते पांढरी. जुन्या वस्तीची, राख, शेण, चुना, खापरं मुरलेली भुरकट माती. घरं पडली, त्यांच्याच ढिगावर नवी उभी राहिली, चुलीतली राख तिथेच टाकली गेली, गुरं तिथेच बसली. अशा कित्येक पिढ्यांनंतर ती तयार होते. त्यामुळे पांढरीच्या भिंतीत आधीच्या कुणाच्या तरी घराची भिंत असतेच. पडक्या घराचं लाकूड नव्या घरात वापरतात हे सगळ्यांना दिसतं. मातीही तशीच वापरलेली असते, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

ही रीत किती जुनी आहे ते घोड नदीकाठच्या इनामगावात दिसलं. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं, तेव्हा सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची मातीच्या भिंतींची घरं एकावर एक थरांत सापडली. धाराशिवकडच्या तेर गावच्या पांढरीतून मातीच्या बाहुल्या, मणी, शंखाच्या बांगड्या निघाल्या. तिथल्या लामतुरे संग्रहालयात त्या बघायला मिळतात. गावकरी भिंतीसाठी माती खणत होते म्हणून यातल्या पुष्कळ वस्तू वर आल्या, आणि त्याच खणण्यानं पुष्कळ थर कायमचे विस्कटलेही. दोन्ही खरं आहे. आता पांढरी खणायला कुणी जात नाही. ती भरावासाठी जेसीबीनं उचलतात, आणि जेसीबी मणी वेचायला थांबत नाही.

गारा

भिंतीचा चिखल. माती चाळायची, मध्ये आळं करायचं, पाणी सोडायचं, गव्हाचं भुसकट टाकायचं आणि कुजू द्यायचं. घाईच्या माणसाला ही थांबण्याची पायरी वाया गेलेला वेळ वाटते. पण कुजलेल्या गाऱ्याला वेगळाच चिकटपणा येतो, भुसकट मऊ होऊन मातीत मिसळतं आणि वाळताना भिंत कमी तडकते. मग पायांनी तुडवायचं. जास्त काम असलं की बैल फिरवायचे. गारा झाला की नाही हे टाचेला कळतं: खडे लागत नाहीत, पाय उचलताना एकसारखी ओढ बसते.

भिंत एका दिवसात हातभरच चढवायची. खालचा थर आवळल्याशिवाय वरचा घालायचा नाही. एवढ्या एका नियमासाठी घर बांधायला अख्खा उन्हाळा लागायचा, आणि कंत्राटदाराच्या हिशेबात तो नियम कधीच बसला नाही.

खण

दोन खांबांमधली जागा. घर चौरस फुटांत मोजत नसत, खणांत मोजत. पाच खणांचं घर, नऊ खणांचा वाडा. मुलगी द्यायची तर खण विचारत. भावांच्या वाटण्या झाल्या तर याला तीन खण, त्याला दोन. खणाची लांबी सुताराच्या मर्जीवर नसायची. बाजारात मिळणाऱ्या तुळईची लांबी आणि डोक्यावरच्या मातीचं वजन यांवर ती ठरायची. ज्याच्याकडे लांब सागवान त्याचा खण मोठा. ज्याच्याकडे बाभूळ आणि लिंब त्याचा खण आखूड आणि खांब जवळजवळ. घराची ऐपत आत शिरताच वर बघून कळायची.

खणाची खुबी अशी की माळवदाचं ओझं खांब-तुळया उचलतात. भिंत आडोसा देते आणि ऊन अडवते. पावसात एखादी भिंत ढासळली तरी छत जागेवर राहतं, आणि माणसं सावलीत बसून पडलेली भिंत पुन्हा चढवतात.

तळखडा

खांबाखालचा घडीव दगड. लाकडाचा पाय जमिनीला टेकला की ओल आणि वाळवी वर चढते. दगडावर ठेवला की चढायला वेळ लागतो आणि चढली तरी डोळ्यांना दिसते. घर उतरलं की तळखडे अंगणात राहतात. कुणी तुळशीजवळ ठेवतं, कुणी त्यावर कपडे धुतं.

तुळई

जुन्या लाकडाच्या वखारीत एक तुळई पाहिली होती, ती इथे सविस्तर लिहिलीच पाहिजे.

हात-दीड हात घेर, लांबी मोठ्या खणाची. वरची बाजू मातीखाली राहिलेली, म्हणून पिवळट. खालची चुलीच्या धुरानं काळी, बोट फिरवलं तर गुळगुळीत. अंगावर वाकसाचे घाव ओळीनं दिसत होते, म्हणजे आरागिरणी येण्याआधी हातानं तासलेली. एका कुशीवर चौकोनी भोकं होती, खांबाचं कुसू बसण्यासाठी कोरलेली. पण ती शेवटच्या घरातल्या खांबांच्या जागी नव्हती. भलत्याच अंतरावर होती आणि त्यात लाकडाच्या तुकड्याची डाट मारून वरून गारा भरलेला होता. म्हणजे त्याआधीच्या एका घरात ती दुसऱ्या मापाच्या खणावर बसली होती. टोकाला आणखी एक खाच होती, तिसऱ्या मापाची. वखारवाल्याला त्यात नवल वाटलं नाही. असा माल नेहमीचा, म्हणाला. खेड्यात सुतारानं घर उतरवलं की प्रत्येक लाकडावर खूण करायची, एक रेघ, दोन रेघा, फुली. नवीन जागी त्याच क्रमानं जुळवायचं. जुळलं नाही तर तासायचं आणि जुनं भोक बुजवायचं.

तिला आऱ्यावर चढवण्याआधी एक पोरगा उकिडवा बसून खिळे शोधत होता. लोहारानं घडवलेले चौकोनी खिळे लाकडात इतके मुरलेले असतात की वरून दिसत नाहीत. एखादा राहिला तर पात्याचे दात जातात. तो तळहात फिरवायचा, जिथे काळा डाग दिसेल तिथे पटाशीनं टोकरायचा. मग पातं चाललं आणि सगळ्या वखारीत सागाचा तेलकट वास पसरला. एवढी वर्षं धूर, माती, पाणी खाऊनही आतलं लाकूड ताज्यासारखं सोनेरी होतं. त्या तेलामुळेच वाळवी सागाला सहसा शिवत नाही.

पण एवढं सगळं श्रेय सागाचं नाही. मातीच्या भिंतीत गाडलेलं लाकूड टिकतं ते मातीमुळे. चांगली माती आजूबाजूची ओल स्वतःकडे ओढून घेते आणि वाऱ्याला परत देते, त्यामुळे भिंतीतलं तुळईचं टोक कोरडं राहतं. याच भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते. वरून भिंत गुळगुळीत दिसते आणि आत तुळईचं टोक भुगा होत जातं. मजबुती आणण्यासाठी म्हणून सिमेंट मारलेली किती जुनी घरं यानंच बसली असतील! हे सांगणारं माणूस गवंड्यांमध्ये आता क्वचित भेटतं, कारण आजचा गवंडी सिमेंटवरच शिकलेला आहे.

त्या तुळईच्या फळ्या निघाल्या. शहराबाहेरच्या एका बंगल्याच्या जिन्यासाठी. लाकूड वापरात राहिलं याचा आनंदच आहे, पण फळी झाल्यावर ते पुन्हा तुळई होऊ शकत नाही. तीन घरं पाहिलेल्या त्या लाकडाला चौथं घर मिळालं, पाचवं मिळणार नाही.

कपाळपट्टी, चौकट, दारं

सगळ्यांत आधी विकली जातात. घर अजून उभं असतानाच गिऱ्हाईक येऊन जातं. चौकटीवरची गणेशपट्टी, कडी-कोयंडा, भिंतीतून ओढायची आगळ. मागे भगदाड राहतं आणि तिथून पाऊस आत शिरतो. घर पडायला खरी सुरुवात इथूनच होते.

खारी

खानदेशात मे महिन्याच्या शेवटी धाब्यावर खारी टाकायची. मराठवाड्यात मृगाच्या आधी माळवदावर माती ओढायची. ही मृगाआधीची दोन-चार दिवसांची धावपळ म्हणजे त्या घरांचा वार्षिक सण होता, फक्त त्याला गोडधोड नव्हतं. नाल्याकाठची खारवट माती गाडीनं आणायची, शिडीवरून टोपल्या वर पोचवायच्या, ढेकळं फोडायची, पसरायची, पाणी शिंपून चोपणीनं चोपायची, पन्हळीकडे किंचित उतार ठेवायचा.

खारीच का? तिच्यात सोडियमचे क्षार असतात. पाणी लागलं की अशा मातीचे बारीक कण सुटे होतात, पसरतात आणि खालच्या बारीक छिद्रांत जाऊन बसतात. पहिल्या सरी थोड्या झिरपतात, मग छत स्वतःच बंद होतं. शिवाय खारीवर गवत उगवत नाही, म्हणजे मुळं छत फोडत नाहीत. ज्या गुणामुळे ती जमीन शेतकऱ्याला नकोशी, त्याच गुणामुळे ती घरमालकाला हवी. हे रसायन कुणी पुस्तकात वाचलं नव्हतं. कुठल्या ओढ्याची खारी चांगली आणि कुठली नुसतीच पांढरी, हे जिभेला लावून सांगणारी म्हातारी माणसं होती.

खारीच्या खाली जे असतं ते असं: तुळयांवर आडवे सर, सरांवर किलचणं किंवा फळ्या, त्यावर लिंबाचा पाला आणि तुराट्या, त्यावर चिखलाचा थर, तो वाळला की कोरडी माती. लिंबाचा पाला किड्यांसाठी. तुराट्या माती खाली गळू नये म्हणून. ज्याची ऐपत कमी त्याच्या घरात रात्री अंथरुणावर वरून बारीक माती पडायची, आणि जेवताना ताटावर हात धरायची सवय लहानपणीच लागायची.

हे सपाट छत सह्याद्रीच्या पूर्वेलाच चालतं. वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो तिथे. कोकणात याच्या तिप्पट-चौपट पडतो, तिथे उतरतं कौलारू छप्परच हवं. सपाट माळवद म्हणजे कमी पावसाच्या, जास्त उन्हाच्या मुलखानं स्वतःसाठी शोधलेलं उत्तर होतं. वर वाळवणं पडायची, गल्लीतली माळवदं एकमेकांना लागून असल्यामुळे बायका रस्त्यावर न उतरता शेजारी जायच्या, आणि उन्हाळ्यात सगळं गाव रात्री वर झोपायला यायचं.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. नवी खारी टाकण्याआधी जुनी खरवडून उतरवायची, हा नियम होता. तो कष्टाचा होता, म्हणून आधी तोच सुटला. दर वर्षी नवा थर जुन्यावर पडत गेला आणि वीतभर जाडीचं छत दीड-दोन फुटांचं झालं. दहा बाय पंधराच्या खोलीवर दीड फूट माती म्हणजे जवळजवळ दहा टन. खालच्या माणसाला ती दिसत नव्हती. घर आणखी गार वाटत होतं, एवढंच.

३० सप्टेंबर १९९३

गणपती विसर्जनाची रात्र. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावं हलली. आठ-दहा हजार माणसं गेली. भूकंप ६.२ क्षमतेचा होता; जगात याहून मोठे भूकंप याहून कमी माणसं मारून गेले आहेत. माणसं मेली ती घरांखाली.

पण घरातल्या कशाखाली? हे नीट सांगितलं गेलं नाही, आणि त्यामुळे पुढचं सगळं बिघडलं. त्या भागात बहुतेक भिंती गोल, न घडवलेल्या दगडांच्या होत्या, मातीत बसवलेल्या. बाहेरचा एक थर, आतला एक थर, मध्ये लहान दगडगोट्यांची भर. दोन्ही थर एकत्र बांधणारा आरपार लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. जमीन हलली तेव्हा थर सुटे झाले, बाहेरचा बाहेर आणि आतला आत, झोपलेल्या माणसांवर पडला. डोक्यावर ती टनावारी माती होतीच. आणि तरीही कित्येक घरांत सगळं ढासळल्यावर ढिगाऱ्यात एक गोष्ट उभी होती: खणाचे खांब आणि तुळया. जिथे खांबांना तिरके आधार होते, साल-कुसू घट्ट होते, तिथे लाकडी सांगाड्यानं माणसं वाचवली.

भूकंपानंतर अभियंत्यांनी जे उपाय सांगितले ते याच निरीक्षणातून आले. छतावरची जादा माती उतरवा. खांब आणि तुळई यांच्यामध्ये तिरकी लाकडं ठोका. भिंतीत आरपार दगड किंवा काँक्रीटचे सांधे घाला. भारतीय मानक ब्युरोनं मातीच्या इमारती भूकंपात टिकाव्यात म्हणून काय करावं याचं स्वतंत्र मानकही काढलं, आयएस १३८२७, तेही १९९३ मध्येच. म्हणजे माती आणि जुनं लाकूड यांनी सुरक्षित घर बांधायचं ज्ञान नव्हतं असं कुणी म्हणू नये.

लोकांनी ऐकली ती दुसरीच गोष्ट: माती मारते. उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी वसली. ती वसायलाच हवी होती. पण ज्या गावांत भिंतीला तडासुद्धा गेला नव्हता, तिथेही भीतीनं माळवदं उतरली आणि वर पत्रे चढले. कुणाला नावं ठेवायची? ज्यानं शेजारचं गाव ढिगाऱ्याखाली गेलेलं पाहिलं त्याला आपल्या लेकरांच्या डोक्यावर माती नको वाटणं स्वाभाविक आहे. सांगणाऱ्यांनी सगळं सांगायला हवं होतं. दगड मातीत कसा बसवला, छत किती जाड झालं, हा भाग मागे पडला आणि माती एकटीच आरोपी ठरली.

दुपार

फूटभर जाडीच्या मातीच्या भिंतीतून बाहेरचं ऊन आत पोचायला साधारण दहा तास लागतात. म्हणजे दुपारी दोनची तलखी आतल्या बाजूला मध्यरात्रीच्या सुमाराला येते, तेव्हा माणसं माळवदावर झोपलेली असतात आणि वारा सुटलेला असतो. पहाटेचा गारवा भिंतीत साठतो आणि दुपारी घराच्या कामी येतो. सहा इंची स्लॅबमधून तेच ऊन चारेक तासांत उतरतं, म्हणजे संध्याकाळी, माणूस कामावरून घरी येतो त्याच वेळी. पत्र्याला तर वेळच लागत नाही.

मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंश असताना पत्र्याच्या खोलीत बाळंतीण आणि तिचं बाळ असतं. म्हातारं माणूस असतं, ज्याला झाडाखाली जाऊन बसायची ताकद नसते. पंखा फिरतो तो पत्र्याखालची गरम हवाच खाली ढकलतो, आणि वीज गेली तर तोही थांबतो. जुन्या घरात बाळंतिणीची खोली सगळ्यांत आतल्या बाजूला, जाड भिंतींची असे. तिच्यासाठी घरात एवढी एक जागा राखलेली असे. पत्र्याच्या एका खोलीत ती कुठून राखणार?

बळद

भिंतीच्या पोटात ठेवलेली धान्याची पोकळी. वरून ज्वारी ओतायची, खालच्या भोकातून काढायची, भोकाला शेणमातीचा बोळा. कोरड्या मातीत धान्य वर्ष-दोन वर्षं राही. विटेच्या नऊ इंची भिंतीत बळद बसत नाही.

सानं

माळवदाला ठेवलेलं भोक, फुटक्या घागरीच्या गळ्याचं. धूर वर जायचा, उजेड खाली यायचा. जमिनीवर पडलेला उन्हाचा गोल कुठे सरकला यावरून बायका वेळ सांगत. पावसात वर जाऊन त्यावर परात पालथी घालायची, हे काम घरातल्या पोरांचं.

पन्हळ. चोपणी. धुम्मस. दिवळी. खुंटी. उतरंडीची जागा. ही नुसती नावंच लिहून ठेवतो. ज्यानं वापरलं आहे त्याला पुढचं सांगायची गरज नाही.

पोतेरं

घराची कातडी बायकांच्या हातात होती. खालून शेणानं सारवणं, वर पांढऱ्या मातीचं पोतेरं, कडेला काव किंवा गेरूचा पट्टा. पाऊस संपला की भिंतींच्या बारक्या जखमा दिसायला लागायच्या: पाण्यानं गेलेला कोपरा, उंदरानं केलेलं बीळ, गुरांनी अंग घासून झिजवलेली कड. घटस्थापनेच्या आधी त्या सगळ्या भरून निघायच्या. सारवताना हाताचा पंजा अर्धगोल फिरतो, आणि वाळल्यावर भिंतीवर त्याच्याच ओळी उमटतात. एकाच घरातल्या सासूच्या आणि सुनेच्या ओळी वेगळ्या ओळखू यायच्या.

हे काम कष्टाचं होतं. शेणात हात घालून वाकून वाकून कंबर जायची, आणि शेतातून आल्यावर ते करायचं. सुनांनी फरशीचं घर मागितलं ते बरोबरच मागितलं. मातीच्या घराची दरवर्षीची डागडुजी घरातल्या बायकांच्या फुकट श्रमावर चालत होती, हे मातीच्या घराची बाजू घेणाऱ्यांनी आधी कबूल करावं. त्या डागडुजीची मजुरी दिली असती, पुरुषांनी त्यात हात घातला असता, तर ही घरं आणखी एक-दोन पिढ्या टिकली असती असं मला ठामपणे वाटतं. सुताराला बलुतं होतं, वर्षाचं धान्य ठरलेलं होतं. सारवणाऱ्या हाताला काहीच ठरलेलं नव्हतं.

कच्चं

सरकारी कागदावर मातीची भिंत म्हणजे कच्चं घर. पंतप्रधान आवास योजनेची ग्रामीण आवृत्ती २०१६ मध्ये आली. त्या वेळी सपाट प्रदेशात घराला १ लाख २० हजार रुपये ठरले, कमीत कमी २५ चौरस मीटर बांधकाम. आधी भिंती आणि छत कच्चं असल्याची नोंद लागते, मग टप्प्याटप्प्यानं फोटो आणि हप्ते. ज्याच्या डोक्यावर गळकं छप्पर आहे त्याला हे पैसे मिळालेच पाहिजेत, यात दुमत नाही. पण त्या नोंदीत एकच रकाना आहे. उंबऱ्याएवढी रुंद भिंत आणि सागाचे खांब असलेलं दोनशे वर्षांचं घर आणि कुडाची पडकी झोपडी, दोन्ही एकाच रकान्यात जातात. मग चांगलं घरही पाडलं जातं, कारण पाडलं की पैसे मिळतात आणि दुरुस्त केलं तर काहीच नाही. जुन्या तुळया विकून आलेली रक्कम नव्या घराच्या सळईत जाते. हे व्यवहार मी जवळून पाहिले आहेत, आणि यात घरमालकाचं काही चुकलं असं म्हणायला जीभ रेटत नाही.

गढी

मराठवाड्यातल्या गढ्यांच्या पांढरीच्या भिंती आठ-दहा हात रुंद असत. वर माणूस चालायचा. त्यांच्यावर आता कुणी माती टाकत नाही, म्हणून प्रत्येक पावसाळ्यात त्यांचा एक पदर उतरतो आणि गढी मूळच्या टेकाडासारखी दिसायला लागते. पोपट आणि साळुंक्या त्यातल्या भोकांत राहतात.

सेवाग्राम

सांभाळलेलं एक उदाहरण डोळ्यांसमोर आहे, म्हणून नोंद. वर्ध्याजवळ सेवाग्रामात गांधीजींच्या आश्रमासाठी १९३६ पासून बांधलेल्या मातीच्या कुट्या आजही उभ्या आहेत. बापूकुटीच्या भिंतीवर त्यांच्या शिष्या मीराबेननी मातीतच उठवलेली झाडं अजून आहेत. वर्ध्याचा उन्हाळा पंचेचाळीसच्या पुढे जातो, पाऊसही मराठवाड्याहून जास्त. तिथे दरवर्षी लिंपण होतं, कौलं फिरवली जातात, लाकूड तपासलं जातं. त्याच वर्ध्यात दत्तपूरच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानं १९७६ पासून मातीच्या घराच्या सुधारलेल्या पद्धतींवर काम केलं. म्हणजे शिकायचं म्हटलं तर जायला जागा आहे.

जे अजून हाताशी आहे

यंदाही उन्हाळ्यात कुठे ना कुठे माळवदं उतरतील. उतरवणाऱ्यानं दोन-तीन गोष्टी केल्या तरी पुष्कळ वाचेल. लाकडावर खुणा कराव्यात, सुताराकडूनच, आणि ते वखारीत विकण्याआधी विटांवर रचून, पत्र्याखाली, जमिनीपासून हातभर वर ठेवावं. उघड्यावर एक पावसाळा गेला तर सागही तडकतो. पांढरीचा ढीग गावाबाहेर फेकू नये, चाळून एका बाजूला करावा. तीच माती भिजवली की पुन्हा भिंत होते. आणि त्यातून निदान एक खोली उभी करावी, दोन खणांची. खांब तळखड्यावर, खांब-तुळईच्या कोपऱ्यांत तिरकी लाकडं, भिंत दगडगोट्यांऐवजी गाऱ्याच्या कच्च्या विटांची, दाराच्या आणि छताच्या उंचीला चारी बाजूंनी फिरणारा लाकडाचा पट्टा. छतावर जाड प्लास्टिकचा कागद आणि त्यावर वीतभरच माती, दर तिसऱ्या वर्षी जुनी खरवडून. बाहेरून सिमेंट नाही. सारवणाऱ्या माणसाला, बाई असो की पुरुष, त्या दिवसाची पूर्ण मजुरी. बाकीचं घर स्लॅबचं असायला हरकत नाही. ही खोली मे महिन्यात म्हाताऱ्यांना आणि बाळंतिणीला द्यावी.